टेबलावरचे अपोलो

१६ जुलै १९६९ रोजी फ्लॉरिडातील केनेडी अवकाशकेंद्रावरून सॅटर्न-५ हा अग्निबाण अपोलो ११ ला घेऊन उडाला, तेव्हा त्याचे वस्तुमान सुमारे २,९०० टन होते. आठ दिवसांनी, २४ जुलैला, तीन हवाई छत्र्यांना लोंबकळत पॅसिफिक महासागरात जे उतरले, ती होती फक्त पाच टनांची एक शंकूसारखी कोठडी. मग उरलेले २,८९५ टन गेले कुठे? बहुतेक सारे जळून गेले. काही भाग अटलांटिक महासागराच्या तळाशी गेले, एक टप्पा सूर्याभोवती फिरत राहिला, एक चौपायी बैठक चंद्रावर उभी राहिली. घरातून निघताना ५८० किलोंचे बिऱ्हाड सोबत घ्यावे आणि परत येताना हातात किलोभराची पिशवी असावी, असा हा व्यवहार!

हा व्यवहार इतका तोट्याचा का, आणि तोटा याहून कमी करता आला असता का, हे पुस्तक वाचून समजते. पण स्वतः हिशेब केल्यावर जसे समजते तसे नाही. विद्यार्थिमित्रहो, आता हा हिशेब खेळता खेळता करण्याची सोय झाली आहे. संगणकावर अवकाशप्रवासाचे जे खेळ निघाले आहेत त्यांत अपोलो मोहीम आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा घडवून आणता येते. जगभर हजारो हौशी मंडळी हा उद्योग करतात. त्यांतील काहींच्या दृष्टीने तो निव्वळ वेळ घालवण्याचा प्रकार असेल. पण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने त्याकडे नाक मुरडून पाहू नये, असे मला वाटते. गतीविषयक नियमांची इतकी चोख प्रयोगशाळा आपल्या कोणत्याही महाविद्यालयात नाही.

यांतील सर्वांत लोकप्रिय खेळ ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिको सिटीतील एका कंपनीत काम करणाऱ्या फेलिपे फालांगे यांच्या कल्पनेतून तो निघाला आणि २०११ मध्ये लोकांसमोर आला. दुसरा ‘ऑर्बिटर’. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मार्टिन श्वायगर यांनी तो तयार केला. २००० सालापासून तो फुकट मिळतो. पहिल्यात टाक्या, इंजिने, पंख, पाय असे सुटे भाग जोडून अग्निबाण तुम्हीच बांधायचा आणि उडवायचा. तो कोसळला, तर का कोसळला हे शोधून पुन्हा बांधायचा. दुसऱ्यात बांधणे कमी, उडवणे अधिक. पण सूर्यमाला मात्र खरीखुरी, खऱ्या मापांची.

कर्बलच्या खेळातील पृथ्वी ही आपली पृथ्वी नव्हे. तिचे नाव कर्बिन, आणि तिची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर. आपल्या पृथ्वीची ६,३७१. तरीही कर्बिनच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण मात्र आपल्याइतकेच, म्हणजे ९.८ ठेवले आहे. प्रवास लवकर संपावा म्हणून खेळ करणाऱ्यांनी केलेली ही लबाडी आहे. आता गंमत पाहा. पृष्ठभागावरचे गुरुत्वीय त्वरण हे ग्रहाची घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलते. त्रिज्या दहा-साडेदहा पटींनी कमी केली आणि त्वरण तेवढेच ठेवले, तर घनता तितक्याच पटींनी वाढली पाहिजे. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे. म्हणून कर्बिनची येते सुमारे ५८ पट. शिसे पाण्याच्या ११ पट जड, सोने १९ पट, आणि धातूंमधील सर्वांत जड ऑस्मियम साडेबावीस पट. म्हणजे कर्बिन कशाचा बनला आहे हे कोणीही सांगू शकणार नाही!

या लबाडीचा परिणाम फार दूरवर जातो. ग्रहाला अगदी चिकटून फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग काढायचा असेल, तर त्वरणाला त्रिज्येने गुणून वर्गमूळ काढावे. पृथ्वीसाठी हे उत्तर सेकंदाला ७.९ किलोमीटर येते, कर्बिनसाठी फक्त २.४. अग्निबाणाच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे समजण्यासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवा. तो लॉगॅरिदमच्या सूत्रातून निघतो, पण वापरायला लॉगॅरिदम लागत नाही.

नियम असा : अग्निबाणाच्या झोताचा जो वेग असेल, त्याच्या सात-दशांश इतका स्वतःचा वेग बदलायचा झाला, तर अग्निबाणाला आपले निम्मे वस्तुमान जाळून बाहेर फेकावे लागते. पुन्हा तेवढाच वेग हवा असेल, तर उरलेल्याचे निम्मे. पुन्हा हवा असेल, तर त्याचेही निम्मे.

झोताचा वेग सेकंदाला तीन किलोमीटर धरला, तर दर २.१ किलोमीटरमागे एकदा निम्मे व्हायचे. हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाशी चाललेली ओढाताण धरून पृथ्वीच्या कक्षेत पोचायला एकूण सुमारे ९.४ किलोमीटर प्रतिसेकंद इतका वेग कमवावा लागतो. म्हणजे साडेचार वेळा निम्मे व्हायचे. शेवटी हाती उरतो बाविसावा हिस्सा. कर्बिनवरून ३.४ मध्ये काम भागते. उरतो तिसरा हिस्सा! म्हणूनच हौशी खेळाडूंनी अगदी हुबेहूब बांधलेला सॅटर्न-५ या खेळात वरच्या टाक्यांत भरपूर इंधन शिल्लक ठेवून चंद्रावर पोचतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की अमेरिकेने उगाच एवढा मोठा अग्निबाण बांधला. ज्यांना खरा कस लावायचा असेल त्यांच्यासाठी ‘रिअल सोलर सिस्टिम’ ही पुरवणी आहे. ती जोडली की ग्रहांची मापे खरी होतात आणि खेळाडूचा ताठा उतरतो.

सॅटर्न-५ च्या उड्डाणात मी फार रमणार नाही. त्याची चित्रे तुम्ही पाहिलेली असतात. पहिल्या टप्प्याची पाच इंजिने मिळून सेकंदाला सुमारे १३ टन केरोसीन आणि द्रव प्राणवायू गिळत होती. दोन मिनिटे चाळीस सेकंदांत तो टप्पा रिकामा झाला आणि गळून पडला. रिकामी टाकी वाहून नेणे म्हणजे संपलेल्या शिदोरीचा डबा डोक्यावर घेऊन डोंगर चढणे, म्हणून टप्पे. खेळात नवशिके हटकून एक गोष्ट करतात : अग्निबाण सरळ वर, अगदी वर नेतात आणि मग तो खाली का येतो म्हणून चकित होतात. कक्षेत राहण्यासाठी उंचीपेक्षा आडवा वेग महत्त्वाचा. सरळ वर जाताना दर सेकंदाला ९.८ मीटर वेग नुसता वजन पेलण्यात खर्ची पडतो. अपोलोचा अग्निबाण मनोऱ्यापासून सुटल्यावर लवकरच कलू लागत असे, तो यासाठीच.

पृथ्वीभोवती १८५ किलोमीटर उंचीवरून दीड फेरी झाल्यावर तिसऱ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा पेटले, सुमारे सहा मिनिटे चालले, आणि यानाचा वेग सेकंदाला ७.८ वरून १०.८ किलोमीटर झाला. खेळात हेच करताना नकाशावर तुमच्या कक्षेचे वर्तुळ ताणले जाऊन लांबच लांब लंबवर्तुळ होत जाते आणि त्याचे टोक चंद्राच्या मार्गाला टेकते. चंद्र आज आहे तिथे नेम धरायचा नाही. तीन दिवसांनी जिथे असेल तिथे धरायचा. केप्लरचे नियम पाठ करून जे डोळ्यांपुढे उभे राहत नाही ते इथे बोटाखाली दिसते.

दोन याने कशासाठी?

आता खऱ्या वादाकडे येऊ. २५ मे १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचा संकल्प अमेरिकी काँग्रेसपुढे मांडला. कसे जायचे, हे मात्र तेव्हा ठरलेले नव्हते. सर्वांना सुचणारा मार्ग असा की, एकच मोठे यान सरळ चंद्रावर उतरवावे आणि तेच परत आणावे. त्यासाठी सॅटर्नहूनही मोठा ‘नोव्हा’ नावाचा अग्निबाण कागदावर आखला होता. दुसरा मार्ग, पृथ्वीच्या कक्षेत दोन उड्डाणांतील भाग जोडावेत आणि मग निघावे. तिसरा मार्ग लँग्ली येथील अभियंते जॉन हूबोल्ट यांनी लावून धरला : मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवावे, एक छोटे हलके यान खाली पाठवावे, आणि परत येऊन त्याने मुख्य यानाला गाठावे.

पुष्कळांना हे वेडे धाडस वाटले. १९६१ मध्ये कोणत्याही दोन यानांची अवकाशात भेट झालेली नव्हती. ती पहिली भेट पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर घडवायची, आणि चुकली तर दोन माणसे तिथेच संपली! हूबोल्ट यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये आपल्या वरिष्ठांना ओलांडून थेट नासाच्या उपप्रमुखांच्या पातळीवरील रॉबर्ट सीमन्स यांना पत्र लिहिले. नोकरीत असे करणे शिष्टाचाराला सोडून असते. पण त्यांच्या हाती आकडे होते. ते आकडे आपणही काढू.

चंद्राच्या कक्षेतून खाली उतरायला सेकंदाला सुमारे २.१ किलोमीटर वेगबदल लागतो. नियमाप्रमाणे नेमके एकदा निम्मे. परत वर यायला सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे निम्मे होण्यापेक्षा थोडे कमी, गुणोत्तर १.८३. याचा अर्थ, खाली नेऊन परत वर आणलेल्या प्रत्येक किलोसाठी चंद्राच्या कक्षेत २ गुणिले १.८३, म्हणजे सुमारे ३.६५ किलो लागतात. टाक्या आणि इंजिने यांत धरलेलीच नाहीत. चंद्राजवळ पोचल्यावर कक्षेत थांबण्यासाठी वेग कमी करावा लागतो, त्यासाठी आणखी १.३४ ने गुणा. झाले सुमारे ४.९ किलो. सॅटर्न-५ पृथ्वीवरून २,९०० टन घेऊन निघत असे आणि चंद्राकडे सुमारे ४५ टन पाठवत असे. म्हणजे एका किलोमागे ६४ किलो. गुणाकार करा. चंद्रावर उतरवून परत वर आणलेल्या एका किलोसाठी फ्लॉरिडात सुमारे ३१५ किलोंची तयारी! तोच किलो खाली न नेता चंद्राच्या कक्षेतच ठेवला, तर तिथवर पोचवायला ८६ किलो पुरतात.

आता विचारा, चंद्राच्या जमिनीवर कशाची गरज नाही? पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणाऱ्या उष्णतारोधक ढालीची नाही. हवाई छत्र्यांची नाही. परतीच्या प्रवासाच्या इंधनाची नाही. मग ते सारे तीनशे पट भावाने खाली नेऊन पुन्हा वर का आणावे? परतीला निघताना अपोलो ११ चे मुख्य यान सुमारे १७ टनांचे होते. ते सबंध यान चंद्रावर उतरवून वर आणायचे, तर कक्षेत सुमारे ६२ टन आणि चंद्राजवळ पोचताना ८३ टन हवेत. सॅटर्न-५ ची ताकद ४५ टनांची. हा हिशेब ढोबळ आहे, पण नोव्हाची गरज का भासत होती हे त्यात स्वच्छ दिसते. जून १९६२ मध्ये फॉन ब्राऊन यांनी आपले मत बदलून हूबोल्ट यांच्या मार्गाला संमती दिली, आणि ११ जुलै १९६२ रोजी नासाने तो निर्णय जाहीर केला.

खेळात दोन्ही मार्ग करून पाहता येतात, आणि माझा आग्रह आहे की ज्याला संधी आहे त्याने दोन्ही करावेतच. एकाच यानाचा मार्ग धरलात तर अग्निबाण दुपटीने फुगतो, आणि आणखी एक अडचण पुढे येते, जी सूत्रात दिसत नाही. उतरणारे यान उंच मनोऱ्यासारखे होते. जराशा उतारावर पाय टेकले की ते कलंडते. पाठीवर झोपलेल्या वैमानिकाला खालची जमीन कशी दिसणार, आणि एवढ्या उंचीवरून तो खाली कसा उतरणार, हे प्रश्न १९६१ च्या अभियंत्यांनाही पडले होतेच. याउलट छोटे यान बुटके, रुंद पायांचे, आणि हवा नसल्यामुळे वाटेल त्या वेड्यावाकड्या आकाराचे चालते.

चंद्रयान-३ आठवा. १७ ऑगस्ट २०२३ रोजी ‘विक्रम’ वेगळा झाला, तेव्हा त्याला तिथवर आणणारा भाग चंद्राच्या कक्षेतच ठेवला होता. त्याला खाली नेण्याचे कारणच नव्हते.

पुढे जायचे तर मागे रेटा

दोन यानांची भेट घडवणे हा खेळातील सर्वांत अवघड धडा. पुढे पन्नास किलोमीटरवर मुख्य यान दिसते आहे. आपण काय करू? नाक त्याच्याकडे वळवून इंजिन पेटवू. खेळातील प्रत्येक नवशिका हेच करतो, आणि अंतर कमी होण्याऐवजी काही वेळाने वाढू लागते.

लाज वाटण्याचे कारण नाही. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या गळून पडलेल्या टप्प्याजवळ जाण्यासाठी हाच प्रयत्न केला होता. ते कसलेले वैमानिक होते. विमानात असेच करतात. बरेच इंधन खर्चूनही टप्पा लांबच जात राहिला, तेव्हा तो नाद सोडून द्यावा लागला.

कारण असे. कक्षेत पुढे रेटा दिला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत जाते, आणि वरच्या कक्षेत वेग कमी असतो. पृथ्वीभोवती २०० किलोमीटर उंचीवर फेरीला साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटे लागतात, ३०० किलोमीटरवर साडेनव्वद. म्हणजे खालच्या कक्षेतील यान दर फेरीला दोन मिनिटे, अंतरात मोजले तर नऊशे किलोमीटरहून अधिक, पुढे सरकते. पुढच्याला गाठायचे असेल तर आधी मागच्या बाजूला रेटा देऊन खाली उतरायचे, खालून त्याला गाठायचे आणि योग्य क्षणी वर चढायचे! एडविन ऑल्ड्रिन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९६३ मध्ये डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला तो याच विषयावर. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ आणि ७ यांची भेट झाली; १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी ८ मधून आर्मस्ट्राँग आणि स्कॉट यांनी पहिली जोडणी केली. २१ जुलै १९६९ रोजी ‘ईगल’चा वरचा भाग चंद्रावरून उडाला, तो खालच्या कक्षेतून पाठलाग करीत पावणेचार तासांत कॉलिन्स यांच्या ‘कोलंबिया’ला जाऊन मिळाला.

खोट्या चंद्रावरची तालीम

चंद्रावर उतरण्याची नक्कल करण्याचा मान संगणकाच्या खेळांचा नाही, तो नासाचाच. अंतराळवीरांनी जमिनीवरील नकली कोठड्यांत शेकडो तास घालवले. उड्डाण शिकण्यासाठी एक विचित्र यंत्र केले होते. त्यात उभे बसवलेले एक जेट इंजिन यंत्राच्या वजनाचा पाच-षष्ठांश भाग तोलून धरी. राहिलेल्या एक-षष्ठांश वजनावर वैमानिकाने चंद्रावर उतरण्याचा सराव करायचा. ६ मे १९६८ रोजी हे यंत्र आर्मस्ट्राँग यांच्या ताब्यातून निसटले आणि छत्रीने बाहेर उडी घेऊन ते वाचले.

ह्यूस्टनमधील नियंत्रकांच्याही तालमी चालत. उड्डाणाच्या थोडे दिवस आधी अशाच एका तालमीत परीक्षकांनी यानाच्या संगणकावर एक अनोळखी धोक्याची सूचना मुद्दाम उमटवली. स्टीव्ह बेल्स या तरुण नियंत्रकाने अवतरण रद्द करायला सांगितले. नंतर त्याला ऐकवण्यात आले की, रद्द करण्याची गरज नव्हती. त्यावरून जॅक गार्मन यांनी सगळ्या सूचनांची यादी हाताने लिहून काढली : कोणती घातक, कोणती नाही. खरे अवतरण चालू असताना १२०२ हा आकडा पडद्यावर झळकला तेव्हा ती यादी हाताशी होती. संगणकाला कामाचा भार झेपत नव्हता, पण महत्त्वाची कामे तो करीत होता. काही सेकंदांत उत्तर गेले : पुढे चला.

त्या संगणकाची कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची आणि बदलती स्मृती २,०४८ शब्दांची होती. आज ऑर्बिटरला जोडायची एक पुरवणी मिळते, तिच्यात त्या काळचा मूळ संगणककार्यक्रमच चालवला जातो. आकड्यांच्या त्याच कळा दाबून तुम्ही उतरू शकता.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी हिरमुसले होऊ नये. १९६९ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन हायस्कूलचा विद्यार्थी जिम स्टोरर याने चंद्रावर उतरण्याचा पहिला संगणकखेळ लिहिला, त्यात चित्र नव्हतेच. कागदाच्या पट्टीवर उंची, वेग आणि शिल्लक इंधन छापून येई. दर दहा सेकंदांसाठी किती इंधन जाळायचे ते खेळणाऱ्याने सांगायचे. तसाच खेळ वहीवर खेळता येतो. शिक्षकांनी फळ्यावर चालवला तर एका तासात सगळा वर्ग खेळेल.

नियम लिहून घ्या. सुरुवातीची उंची ५०० मीटर, खाली येण्याचा वेग सेकंदाला ३० मीटर, इंधन १०० एकके. चंद्राचे गुरुत्वीय त्वरण १.६. दर पाच सेकंदांनी इंजिनाचा जोर ० ते ५ च्या दरम्यान ठरवायचा. नवा वेग म्हणजे जुना वेग अधिक पाच गुणिले (१.६ वजा जोर). जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी पाचाने गुणून उंचीतून वजा करायची. जोर गुणिले पाच इतकी एकके इंधनातून कमी करायची. जमिनीला टेकताना वेग ३ पेक्षा जास्त नको. ‘ईगल’चे पायही साधारण एवढ्याच वेगासाठी बांधलेले होते. शेवटचा डाव पाच सेकंदांहून लहान चालेल.

उदाहरणार्थ, पहिला डाव जोर शून्य. वेग ३८ होतो, उंची ३३०. दुसरा डाव जोर ५ : वेग २१, उंची १८२.५, इंधन ७५. तिसरा पुन्हा ५ : वेग ४, उंची १२०, इंधन ५०. इथून पुढे तुम्ही उतरवा.

खेळून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येईल. भित्रा चालक आधीच वेग ५ वर आणतो आणि हळूहळू उतरू पाहतो. वेग कमी करण्यात त्याची ३७ एकके जातात आणि तो ३७१ मीटरवर असतो. नुसते वजन पेलत राहायला दर सेकंदाला १.६ एकक लागते. उरलेली ६३ एकके ३९ सेकंदांत संपतात. तेव्हा तो १७४ मीटर उंचीवर असतो आणि तिथून ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. दुसरा चालक ७ सेकंद काहीच करीत नाही, मग पूर्ण जोर लावून १२ सेकंदांत थांबतो. त्याला ६१ एकके पुरतात. पण त्याचे इंजिन पेटायला दोन सेकंद उशीर झाला तर? म्हणून खरे अवतरण या दोघांच्या मधले असते. ‘ईगल’ने शेवटच्या मिनिटांत सेकंदाला सुमारे चार किलो इंधन नुसते तरंगत राहण्यासाठी खर्चले, कारण आर्मस्ट्राँग खडकाळ जागा टाळून पुढे जात होते. नंतरच्या तपासणीत शिल्लक निघाली ती सुमारे ४५ सेकंदांची.

स्टोररच्या खेळाची एक कथा अलीकडची आहे. २०२४ मध्ये एका संगणकतज्ज्ञाने त्यात सर्वांत कमी इंधनात उतरण्याचा डाव गणिताने काढला. गणित बरोबर असूनही खेळ ते मानीना. शोध घेतल्यावर दिसले की, एका ठिकाणी दोनने भागायचे राहून गेले होते. पंचावन्न वर्षे ही चूक कोणाच्या ध्यानात आली नव्हती! शाळकरी मुलाने लिहिलेल्या त्या कार्यक्रमातील बाकीचे भौतिकशास्त्र मात्र अचंबा वाटावा इतके पक्के आहे.

कर्बलच्या खेळातही काही गोष्टी सोप्या केलेल्या आहेत, त्या ओळखून असाव्यात. यानावर एका वेळी एकाच ग्रहाचे किंवा चंद्राचे आकर्षण चालते. हद्द ओलांडली की पहिले बंद, दुसरे सुरू. प्रत्यक्षात पृथ्वी, चंद्र आणि सूर्य तिघेही सतत ओढत असतात, आणि ऑर्बिटर तसे धरून चालतो. शिवाय कर्बलमधील चंद्र सगळीकडे सारख्याच जोराने ओढतो. खरा चंद्र तसा नाही. १९६८ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांच्या हालचालींवरून उघड झाले की, चंद्राच्या काही सपाट मैदानांखाली जड द्रव्याचे साठे आहेत आणि त्यांच्यावरून जाताना यानाची कक्षा किंचित वाकडी होते. अशा बारीक ओढींमुळे आणि दोन याने सुटी होताना बसलेल्या हलक्या धक्क्यामुळे ‘ईगल’ ठरल्या खुणांवरून दोन-तीन सेकंद लवकर जात होते. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने दोन-तीन सेकंद म्हणजे किती, हे तुम्हीच काढा. ते नियोजित जागेपासून सुमारे सहा किलोमीटर पुढे उतरले.

चार महिन्यांनी अपोलो १२ च्या वेळी उतरणे सुरू झाल्यावर पृथ्वीवरून यानाचा माग काढून, फरकाचा एकच आकडा तोंडी सांगण्यात आला आणि अंतराळवीरांनी तो संगणकात भरला. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी कॉनराड आणि बीन उतरले ते एप्रिल १९६७ मध्ये तिथे पोचलेल्या सर्व्हेयर ३ या निर्मनुष्य यानापासून १६३ मीटरांवर. ते चालत त्याच्यापर्यंत गेले, त्याचा कॅमेरा कापून काढला आणि पृथ्वीवर परत आणला.